मदत हवी आहे: शनिवारपर्यंत कळवायचंय, हो म्हणू की नाही?

बॅग_भरलेली (गुरुवार, रात्री 11:40)
फार लिहीत नाही. मी नर्स आहे, परदेशात नोकरीला निघालेय. जुन्या हॉस्पिटलमधून फोन आला. मेट्रन मॅडम म्हणाल्या, परत ये, पण सहा महिने सोडणार नाही असं लिहून दे. शनिवारपर्यंत सांगायचंय. इकडे कागद अडकलेत. 31 मार्चला राजीनामा दिला, सेंडऑफ झाला, सात चादरी मिळाल्या (सोलापुरात दुसरं काय मिळणार). रूम सोडून आईकडे आलेय. बॅग दीड महिना पलंगाच्या पायथ्याशी उभी आहे. रोज एक ड्रेस काढते, धुऊन परत घडी घालून ठेवते. भाचीने 43 डिग्रीत माझं थंडीचं जॅकेट घालून फोटो काढले. भाजीला गेलं की "अगं, अजून इथंच?" आता मी मागच्या बोळातून जाते.
लिहून देऊ का नको? फक्त हो किंवा नाही सांगा, प्लीज.

होटगीरोड (रात्री 11:52)
ताई, कुठला देश? कसले कागद? कधी दिले?

कडकभाकरी (शुक्रवार, सकाळी 6:15)
सरळ लिहून द्या. व्हिसा आला की जा. कोण कोर्टात जातंय बे तुमच्यामागे.

निवृत्त_मास्तर (सकाळी 6:40)
कडकभाकरी, असले सल्ले देऊ नका. शब्द दिला की पाळावा. उद्या त्याच हॉस्पिटलचा अनुभवाचा दाखला लागला तर कोणत्या तोंडाने मागणार?

कडकभाकरी (सकाळी 6:48)
मास्तर, शब्दाने ईएमआय भरत नाही.

बॅग_भरलेली (सकाळी 7:30)
जर्मनी. नर्स आहे म्हटल्यावर कळेल असं वाटलं. जर्मन भाषेची बी2 पातळी झालीय, डेफिझिटबेशाइड (माझ्या शिक्षणात तिथल्या मानाने काय कमी आहे ते सांगणारं पत्र) आलाय, मार्चमध्ये मुंबईत व्हिसाचे कागद दिले. करार 1 मेपासूनचा होता. पण माझा प्रश्न हॉस्पिटलचा आहे, व्हिसाचा नाही.

राईनकाठी (सकाळी 9:05)
प्रश्न व्हिसाचाच आहे. मीही सोलापूरची, तिसरं वर्ष इथे जर्मनीत. तीन गोष्टी सांगा. पासपोर्ट व्हिसावाल्यांकडे आहे की तुमच्याकडे? तिकडच्या हॉस्पिटलने जलद प्रक्रियेतून केलंय का? त्यात मालक तुमच्या वतीने तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात अर्ज करतो, 411 युरो फी असते. त्या कार्यालयाची पूर्वसंमती मिळालेली असेल तर पूर्ण कागद दिल्यावर साधारण तीन आठवड्यांत निर्णय येतो. आणि 1 मे उलटून गेला, मग नव्या तारखेचा करार मागितला का?

दूरदेशी (सकाळी 9:20)
जर्मनी कशाला? भाषा शिका, वर पुन्हा परीक्षा द्या. माझी चुलतबहीण आयर्लंडला गेली, इंग्रजीवर काम भागतं. अजून वेळ गेलेली नाही.

राईनकाठी (सकाळी 9:26)
तिचं बी2 झालंय हो. वर्ष-दीड वर्ष घासून. आता कुठे आयर्लंड काढता?

निवृत्त_मास्तर (सकाळी 10:10)
आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 साली काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पाच डॉक्टर होते. तेव्हा बोटीचा प्रवास. त्या घरच्यांनी किती वाट पाहिली असेल! तुमची दीड महिन्याची काय कथा?

होटगीरोड (सकाळी 10:14)
मास्तर, ते 1942 ला तिकडेच वारले. पोरगी निघायच्या आधी काय उदाहरण देताय!

निवृत्त_मास्तर (सकाळी 10:31)
उदाहरण सेवेचं दिलंय.

चटणीवाली_काकू (सकाळी 11:00)
शेंगाची चटणी घट्ट डब्यात, वर टेप मारून न्या. खव्याचं, दुधाचं काही नेऊ नका, बाहेरून आणलेलं दूध आणि मांस युरोपात चालत नाही, विमानतळावर टाकायला लावतात. सातातली एकच चादर न्या. आमची डबल घरच्या काट्यावर सव्वा किलो भरली.

बॅग_भरलेली (दुपारी 1:15)
चटणीचं नाही विचारलं काकू (पण थँक्यू). राईनकाठी ताई, पासपोर्ट त्यांच्याकडेच आहे. जलद प्रक्रियेचं माहीत नाही, एजंटला ठाऊक. करारही एजंटच बघतो. तो म्हणतो "प्रोसेसमध्ये आहे". दर सोमवारी हेच.

राईनकाठी (दुपारी 1:22)
फॉर्मवर ईमेल कुणाचा टाकलाय?

बॅग_भरलेली (दुपारी 1:24)
एजंटचा. का?

राईनकाठी (दुपारी 1:25)
आता त्याच्याकडे जा. फोन नको. समोर बसून इनबॉक्स उघडायला लावा, स्पॅमसुद्धा.

होटगीरोड (दुपारी 1:40)
आणि उन्हाचं जाताना डोक्याला बांधा. सात रस्त्याला आज तवा तापलाय.

कडकभाकरी (दुपारी 3:10)
तोवर बाँडचं लिहून द्या. मी अजून तेच म्हणतो.

बॅग_भरलेली (संध्याकाळी 7:50)
व्हिसावाल्यांचा मेल होता. स्पॅममध्ये. 4 मेचा. "कराराची तारीख उलटली आहे, नवीन करार पाठवा." एवढंच. अठरा दिवस पडून होता. एजंट म्हणाला, "अरेच्चा." मी त्याच्या टेबलावरचं पाणी न विचारता प्यायले आणि तिथेच बसून जर्मनीच्या हॉस्पिटलला मेल टाकला. चुका असतील जर्मनच्या, असू देत.

राईनकाठी (रात्री 8:30)
छान. आता सोमवारी उत्तर आलं नाही म्हणून घाबरू नका, पिंगस्टमोंटागची (ख्रिश्चन सणाची) सुट्टी आहे इथे. मंगळवारी फोन करा. करार आला की तुमच्या स्वतःच्या ईमेलवरून पाठवा. आणि सहा महिन्यांचं लिहून देऊ नका.

दूरदेशी (रात्री 8:41)
आयर्लंडमध्ये हे असलं होत नाही.

बॅग_भरलेली (शनिवार, सकाळी 10:20)
मेट्रन मॅडमना सगळं खरं सांगितलं. आधी ओरडल्या. मग म्हणाल्या, लिहून देणं राहू दे, दोन सिस्टर सुट्टीवर आहेत, रोजाने ये. सोमवारपासून नाईट. बॅगेतून युनिफॉर्म काढलाय, तो सगळ्यात खाली होता. नाईट म्हणजे सकाळी झोप, भाजी आईच आणेल.

निवृत्त_मास्तर (सकाळी 10:45)
पाहा कडकभाकरी.

कडकभाकरी (सकाळी 10:46)
नशीब म्हणतात त्याला.

चटणीवाली_काकू (सकाळी 11:30)
उरलेल्या सहा चादरींचं काय करणार आहेस गं?