मदत हवी आहे: पैदाशीचा मेंढा न कापता पारखायचा कसा?

रामराम मंडळी. पाटोदा तालुक्यात (जि. बीड) आमच्या घरच्या ८० दख्खनी मेंढ्या आहेत. दरसाल दोन-तीन नर पैदाशीला ठेवतो, बाकीचे व्यापारी उक्ते उचलतो.

मागच्या महिन्यात घरच्या कार्यात दोन मेंढे कापले. काट्यावर दोन्ही ३२ किलो. सोलून, साफ करून एकाचं मांस १५.५ किलो भरलं, दुसऱ्याचं १३.५. दुसऱ्याचं पोट चाऱ्यापाण्यानं तट्ट होतं, लोकरही कातरलेली नव्हती. चुलते आधीच म्हणाले होते, "कमरंवर हात ठेव, हाड लागतंय." मी काट्यावर विसंबलो. अन् कापून कळून उपयोग काय, तो मेंढा काही पैदाशीला येत नाही!

आता शेवटच्या बरगडीमागं कणा चाचपून १ (हाडकुळा) ते ५ (लठ्ठ) गुण देतोय. माझा हात मात्र अजून कच्चा आहे. चुलते 'भरलाय' म्हणतात तिथं मी २ देतो.

इथल्या डॉक्टरांकडं गाभण तपासायचं सोनोग्राफी मशीन आहे. परदेशात त्यानं १२व्या-१३व्या बरगडीमध्ये पाठीच्या मांसाची खोली अन् चरबी मोजून मेंढे निवडतात. आपल्याकडं कुणी केलंय का? मांस कोवळं निघेल का, हेही त्यात दिसतं का?

प्रतिसाद

मोजता येतं. बरगड्या मागून मोजा, शेवटची १३वी. तेवढी लोकर भादरा, जेल भरपूर लावा, प्रोब (मशीनचा अंगावर टेकवायचा भाग) दाबू नका. दाबला की चरबीचा थर चपटा होतो. दख्खनीच्या पाठीवर चरबी मुळात पातळ, त्यात एक मिलिमीटरची चूकही भारी पडते; तुम्ही मांसाची खोलीच धरा. एका वयाचे, एका चाऱ्यावरचे नर एकाच दिवशी, एकाच हातानं मोजा. जुळ्यातला असेल तर तसं लिहून ठेवा, त्याच्या वाट्याला दूध कमी आलेलं असतं. वजन रात्रभर उपाशी ठेवून सकाळी घ्या.

कोवळेपणा मात्र त्यात दिसत नाही. तो वयावर बराच अवलंबून. शिवाय टेम्पोत उभा राहून दमलेला मेंढा लगेच कापला तर मांस काळसर पडतं, लवकर खराबही होतं.

धागाकर्ता

आभारी आहे. रविवारी पाच नर भादरतो. आधी चुलत्यांना हातानं क्रम लावायला सांगणार, मशीन नंतर. त्यांना अजून बोललो नाही.