मदत हवी आहे : आग विझवायला प्रत्यक्ष हाताने कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी,

मी सोसायट्या आणि महिला बचत गटांमध्ये अग्निसुरक्षेचे वर्ग घेते. १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह आहे (१९४४ साली त्याच तारखेला मुंबई गोदीत स्फोट झाला होता), त्याआधी वर्गाची पद्धत बदलायची आहे.

अडचण अशी की, स्लाइड बघून सगळ्यांना सगळं कळतं, पण आग विझवायचा सिलिंडर हातात दिला की गडबड होते. घाबरून आधी सिलिंडरची मूठ दाबतात आणि मग पिन ओढतात. मूठ दाबलेली असली की पिन अडकते, निघतच नाही! शिवाय नळी ज्वाळेवर धरतात, बुडाशी नाही. हे सरावानेच सुटेल. पण पावडरचा सिलिंडर एकदा फवारला की पुन्हा भरून घ्यावा लागतो, त्यामुळे सराव एकदोघींचाच होतो आणि बाकीच्या नुसत्या बघत राहतात. मला ते फार खटकतं.

सरावासाठी पाणी आणि हवा भरून पुन्हा पुन्हा वापरता येईल असा सिलिंडर कुणी वापरता का? कुठून घेतला, साधारण खर्च किती आला?

दुसरं, पेटलेल्या तेलाच्या कढईवर पाणी न टाकता झाकण ठेवायचं, गॅसचा वास आला तर बटणांना हात न लावता बाहेर पडून १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, हे दाखवणारे चांगले मराठी व्हिडिओ किंवा तक्ते असतील तर कृपया पाठवा. हिंदी आहेत, पण आमच्या आज्यांना मराठीच हवं.

गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना धुरातून वाकून बाहेर पडायला तुम्ही कसं शिकवता?