२० नॉट वाऱ्यात जाइब करताना इल्का ७ उलटते

प्रश्न: इल्का ७ ही माझी एकट्यानं चालवायची छोटी शिडाची बोट. २० नॉट (ताशी सुमारे ३७ किमी) वाऱ्यात जाइब करताना, म्हणजे वारा पाठीशी ठेवून शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेताना, ती उलटते. वारा पाठीशी असताना बोट डावी-उजवी डुलत वाऱ्याच्या बाजूला कलंडते. व्हँग (बूमला, म्हणजे शिडाखालच्या आडव्या दांडीला, खाली ओढून धरणारी दोरी) पूर्ण ढिला ठेवतो. काय चुकतंय?

दर्यावर्दी: व्हँगच! ढिला असला की शिडाचा वरचा भाग पुढे वळतो आणि डोलकाठीला वाऱ्याकडे ढकलतो. थोडा आवळा. फारही नको, बूमचं टोक पाण्यात रुतेल. डुलणं सुरू झालं की मेनशीट (शीड आत-बाहेर करायची दोरी, थोडक्यात शीट) हातभर ओढा. बूम बोटीच्या मध्यरेषेपासून ९० अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका.

शिडवाला_७: सेंटरबोर्ड (बोटीखाली पाण्यात उतरवायची फळी) किती वर घेता? एक तृतीयांश पुरे. जास्त उचललात तर बूम किंवा व्हँग त्यात अडकतो, मग अंघोळ ठरलेली. जाइब लाटेवरून घसरताना, वेग सर्वाधिक असतानाच करा. तेव्हा शिडावरचा दाब कमी असतो. घाबरून वेग उतरल्यावर करतात, तिथेच फसतात. बूम डोक्यावरून जाताना शीटला झटका द्या, नाहीतर शीट बोटीच्या मागच्या कोपऱ्यात अडकते.

दर्यावर्दी: उलटलीच तर आधी शीट आणि व्हँग सोडा, नाळ (बोटीचं पुढचं टोक) वाऱ्याकडे वळवा, मगच सेंटरबोर्डवर चढा. ओहोटीला उथळ पाण्यात डोलकाठी चिखलात रुतते, तेव्हा हिसके देऊ नका, वाकेल. डोलकाठी बांधायची दोरी तपासलीत ना?