मदत हवी आहे : पॉवरपॉइंटच्या स्लाइडवरील कॅमिओ चौकटीची सजावट

नमस्कार. अकरावीच्या भूगोलाचे ऑनलाइन वर्ग घेताना मी मायक्रोसॉफ्ट ३६५ मधील पॉवरपॉइंटचा कॅमिओ वापरतो, म्हणजे वेबकॅमचे थेट चित्र स्लाइडवरच दिसते आणि इतर चित्रांप्रमाणे त्याला आकार, किनार व सावली देता येते. शीर्षकाच्या स्लाइडवर माझी चौकट मोठी आणि आयताकृती असावी व पुढच्या स्लाइडवर ती मॉर्फ संक्रमणाने (स्लाइड बदलताना वस्तू सलग हलत-बदलत जाण्याच्या परिणामाने) सरकत उजव्या कोपऱ्यात लहान गोल व्हावी, अशी माझी इच्छा आहे. वेबकॅमचे चित्र १६:९ प्रमाणात असल्यामुळे गोलासाठी चौकटीची लांबी-रुंदी समान करून घेतली आहे. मात्र तसे केल्यावर दोन्ही कडा कापल्या जातात आणि नकाशाकडे दाखवणारा हात नेमका बाहेर जातो. (गोलाचा हट्ट सोडावा, हा सल्लाही चालेल.)

आयताचा गोल होताना मॉर्फ सलग दिसण्यासाठी मूळ स्लाइडची प्रत काढून तीत बदल करणे पुरेसे आहे, की निवड फलकात (स्लाइडवरील वस्तूंच्या नावांची यादी दाखवणाऱ्या सिलेक्शन पेनमध्ये) दोन्ही चौकटींना उद्गारचिन्हांच्या जोडीने (!!) सुरू होणारे एकच नाव द्यावे? तसेच गडद नकाशावर चौकट उठून दिसण्यासाठी पांढरी किनार बरी की मऊ कडा? ही सजावट स्लाइड मास्टरमध्ये (सर्व स्लाइडच्या मूळ साच्यात) एकदाच ठरवून ठेवणाऱ्यांनी कृपया आपली पद्धत सविस्तर सांगावी.