रत्नागिरीत मुलीच्या कॉटचे भाडे दीडपट झाले, मालक भाडेकरार देत नाहीत. मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

माझी मुलगी रत्नागिरी शहरातील एका महाविद्यालयात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही राजापूर तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात राहतो. थोडी हापूसची कलमे आणि होडीतला वाटा यांवर घर चालते, आणि तहसील कार्यालयाच्या दाखल्यानुसार आमचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे. मुलीच्या राहण्याच्या खर्चावरून सध्या मोठा पेच उभा राहिला आहे. कोकणात ज्यांनी मुलांना खोलीवर ठेवून शिकवले आहे किंवा जे स्वतः तसे शिकले आहेत, त्यांच्याकडून मार्गदर्शनाची अपेक्षा आहे.

शिक्षण शुल्काचा मुद्दा आधीच स्पष्ट करतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, ज्या कुटुंबांचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे त्यांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आम्ही इतर मागास प्रवर्गात येतो, त्यामुळे हा लाभ आम्हाला मिळाला आणि त्याबद्दल काहीही तक्रार नाही. मात्र "तुमच्या पोरीचं शिक्षण फुकटात होतंय" असे गावात जो तो म्हणतो, तेव्हा कॉटचे भाडे, डबा आणि वीजबिल यांचा हिशेब कोणाकोणाला सांगत बसावा, हे कळत नाही.

महाविद्यालयाच्या वसतिगृहात जागा न मिळाल्याने ती पहिल्या वर्षापासून खाजगी जागेत कॉट बेसिसवर राहते. तेव्हा कॉटमागे महिना २,८०० रुपये भाडे होते. येत्या जूनपासून ते ४,२०० रुपये होईल, असा निरोप मालकांनी सर्व पालकांना व्हॉट्सॲपवर पाठवला आहे. दहा बाय बाराच्या त्या खोलीत आधी तीन मुली होत्या. यंदा चौथी कॉट आली, ती कपाटाला इतकी लागून आहे की कपाटाचे एक दार अर्धेच उघडते आणि कपडे हात आत घालून चाचपून काढावे लागतात. विजेला सब-मीटर असून युनिटला १५ रुपये घेतले जातात; एप्रिलनंतर विहिरीचे पाणी आटले की टँकरचे पैसे मुलींमध्ये वाटले जातात; अनामत दोन महिन्यांची आहे आणि नव्या दराने तिचाही फरक भरायचा आहे. शिवाय परीक्षा संपताच मुलींनी आपले सामान बांधून माडीवर रचून ठेवायचे असते, कारण उरलेल्या सुटीत त्याच खोल्या पर्यटकांना दिवसाच्या दराने दिल्या जातात. भाडे मात्र बारा महिन्यांचे.

मालक माणूस म्हणून वाईट नाहीत, हेही नमूद करणे योग्य ठरेल. मुली कधी येतात, कधी जातात यावर घरातल्या वहिनींचे लक्ष असते आणि आम्हा पालकांना त्याचा आधारच वाटतो. गणपतीत त्यांचे मुंबईचे भाऊबंद उतरतात तेव्हा खोल्या आठवडाभर रिकाम्या कराव्या लागतात, पण त्या दिवसांत आमच्या मुलीही घरीच येतात, त्यामुळे त्याचे कोणाला काही वाटत नाही. रत्नागिरीत जागेची मागणी वाढली आहे, हेही खरे आहे. २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, शिरगावचे मत्स्य महाविद्यालय आणि मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र आधीपासून आहेतच, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार आणि मिऱ्या-नागपूर महामार्गाच्या कामावरचे लोकही याच खोल्या शोधतात. आणि गणपतीपुळ्याला आलेला पर्यटक दोन रात्रींचे जे भाडे देतो, ते महिनाभराच्या कॉटच्या बरोबरीचे होऊ लागले, तर मालकाने विद्यार्थीच ठेवावा अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

काही जणांनी एसटीने रोज ये-जा करण्याचा सल्ला दिला. विद्यार्थ्यांना मासिक पासात दोन तृतीयांश सवलत असते हे मला माहीत आहे, परंतु आमच्या गावातून रत्नागिरीला एका बाजूने अडीच तास लागतात आणि प्रात्यक्षिके आटोपून निघाल्यावर वस्तीची गाडी मिळण्याची खात्री नसते. पावसाळ्यात तर तो विचारच नको.

आता मुख्य अडचण सांगतो. इतर मागास बहुजन कल्याण विभागाची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या, बाहेरगावी राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी ती असून प्रत्येक जिल्ह्यात ६०० विद्यार्थ्यांना लाभ देण्याची तरतूद आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी वर्षाला एकूण ४३,००० रुपये मिळतात : भोजनासाठी २५,०००, निवासासाठी १२,००० आणि निर्वाहासाठी ६,०००. निवासाचे १२,००० म्हणजे महिन्याला हजार रुपये. त्यात आज रत्नागिरीत कॉटचा चौथा भागही मिळत नाही. अनुसूचित जातींसाठीची स्वाधार योजना २०१६-१७ मध्ये सुरू झाली तेव्हाचेच हे दर असून या योजनेलाही तेच लागू केले आहेत. त्यानंतर भाडी कुठल्या कुठे गेली. तरीही ४३,००० ही आमच्यासारख्या घराला लहान रक्कम नाही. आमच्या हिशेबाने नव्या दराने वर्षाचे भाडे ५०,४०० आणि डब्याचे दहा महिन्यांचे साधारण ३०,००० होतात, म्हणजे निम्म्याहून अधिक भार हलका होईल.

मुलींच्या शासकीय वसतिगृहात शंभरच जागा असल्याने तेथे तिचा क्रमांक लागला नाही, त्यामुळे आधार योजनेसाठी ती पात्र ठरते. परंतु अर्जासोबत ती भाड्याच्या जागेत राहत असल्याचा पुरावा म्हणून भाडेकरार मागितला जातो, आणि मालक करार करून देण्यास तयार नाहीत. कागद झाला की घरपट्टी व्यावसायिक दराने लागेल, आयकराची नोटीस येईल, असे त्यांचे म्हणणे आहे. भाडेपावतीही ते देत नाहीत. भाडेवाढीचे कारण विचारले असता "आता वसतिगृहांवर बारा टक्के जीएसटी आहे, तो तुमच्याकडूनच घ्यावा लागणार" असे उत्तर मिळाले.

तेव्हा विचारायचे ते असे. जीएसटीचे म्हणणे खरे आहे का? मालकांशी संबंध न बिघडवता करार कसा मिळवावा? मुलीला अजून दोन वर्षे तेथेच काढायची आहेत आणि ऐन जूनमध्ये दुसरी जागा मिळणे कठीण आहे, ही बाब कृपया विचारात घ्यावी. आणि दापोली, लोणेरे, ओरोस, अलिबाग या बाजूला ज्यांची मुले शिकतात, त्यांनी सुटीतील भाड्याचा प्रश्न कसा सोडवला, हेही कळवावे.

प्रतिसाद : खाडीपलीकडची

दादा, जीएसटीचे आधी सांगते, कारण त्या एका मुद्द्यावर तुमच्या मालकांना कोणीतरी अर्धवट माहिती दिलेली दिसते. २०२३ मध्ये काही राज्यांतील अग्रिम निर्णय प्राधिकरणांनी (एखाद्या व्यवहारावर कर लागतो का, हे आधी विचारल्यावर सांगणारी यंत्रणा) खाजगी वसतिगृह म्हणजे निवासी घर नव्हे असे ठरवून १२ टक्के कर लागू होतो असे म्हटले होते, आणि ती बातमी सगळीकडे फिरली. परंतु २२ जून २०२४ च्या ५३ व्या जीएसटी परिषदेत त्यावर तोडगा निघाला. माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंत भाडे असेल आणि मुक्काम सलग किमान ९० दिवसांचा असेल, तर कर नाही. जुलै २०२४ पासून ही सूट लागू आहे. ४,२०० रुपयांच्या कॉटला तो कर लावण्याचा प्रश्नच येत नाही. खरे तर अशा लहान मालकाची वर्षाची उलाढाल जीएसटी नोंदणीच्या मर्यादेपर्यंतही पोचत नसते.

कराराबाबत कायदा पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, नोंदणीची जबाबदारी मालकावर असते, आणि नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. पण हे कलम दाखवत मालकांच्या दारात जाऊ नका, असेच मी सांगेन. लहान गावात कायद्याची भाषा निघाली की पुढच्या जूनला खोली नाही, हे ठरलेले.

माझ्या भाचीच्या वेळी आम्ही चार पालकांनी मिळून संपूर्ण खोलीचा एकच करार केला. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या चारही मुलींची नावे त्यात लिहिली. तुमच्या दराने धरले तर चार कॉटचे अकरा महिन्यांचे भाडे १,८४,८०० रुपये होते. मुद्रांक शुल्क पाव टक्का, म्हणजे साधारण पावणेपाचशे, आणि नोंदणी शुल्क शहरी हद्दीत १,००० रुपये. ऑनलाइन करून देणाऱ्याची मजुरी धरली तरी दोन हजारांच्या आसपास काम होते आणि प्रत्येकीच्या वाट्याला पाचशेच येतात. हा खर्च आम्ही करतो, तुम्हाला फक्त अंगठा आणि आधार क्रमांक द्यायचा आहे, असे म्हटल्यावर आमचे मालक तयार झाले. त्यांना पैशाची भीती कमी आणि कार्यालयाच्या फेऱ्यांची अधिक होती.

प्रतिसाद : दापोलीचा जुना भाडेकरू

काका, मी दापोलीला शिकत असताना सुटीच्या भाड्याचा प्रश्न आम्हालाही होता, कारण कर्दे-मुरुडकडे जाणारे पर्यटक हंगामात मिळेल ती खोली घेतात. आम्ही मालकांना उलट प्रस्ताव दिला : परीक्षा संपल्यापासून नवीन सत्र सुरू होईपर्यंत खोली पूर्ण तुमची, सामानही आम्ही घरी नेतो, पण मग भाडे दहा महिन्यांचेच घ्या आणि ते करारात लिहा. हंगामाचे उत्पन्न भाडेकरूच्या सामानाची जबाबदारी न घेता मिळते म्हटल्यावर त्यांनी ते मान्य केले. तुमच्या बाबतीत दोन महिन्यांचे ८,४०० रुपये वाचतील. विजेचे १५ रुपये मात्र मला जास्त वाटतात. मालकांचे मूळ बिल पाहण्याची विनंती करा, पण करार झाल्यानंतर. एका वेळी एकच मागणी पुढे ठेवावी.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. जीएसटीबाबतची माहिती मी मालकांच्या मुलाला पाठवली. तो बँकेत कामाला असल्याने त्याला ती पटली आणि त्याने वडिलांशी बोलण्याचे कबूल केले आहे. खोलीतील इतर तीन मुलींच्या पालकांशीही बोलणे झाले. दोघे तयार आहेत. तिसऱ्यांची मुलगी पुढच्या वर्षी येथे राहील की नाही हे ठरलेले नसल्याने ते सही करण्यास कचरत आहेत. दहा महिन्यांचा प्रस्ताव चांगला आहे, फक्त विद्यापीठाच्या परीक्षा कधी कधी मेच्या अखेरपर्यंत लांबतात, तेव्हा तारखेऐवजी "शेवटच्या परीक्षेनंतर आठ दिवस" असे लिहावे असा विचार आहे.

खाडीपलीकडच्या ताईंना एक विचारायचे आहे. सामाईक कराराची एकच प्रत प्रत्येकीने आपापल्या आधार योजनेच्या अर्जासोबत जोडली, तर जिल्ह्याच्या सहायक संचालक कार्यालयात ती स्वीकारली जाते का, की प्रत्येक मुलीच्या वाट्याचे भाडे करारात वेगवेगळे नमूद करावे लागते? तुमच्या भाचीने अर्ज केला असल्यास, करारातील त्या परिच्छेदाची भाषा येथे द्यावी, ही विनंती. नावे आणि पत्ता वगळून दिली तरी चालेल.