रविवारचा चौकोन: पळणं, परीक्षा आणि घर. तुमचे अनुभव लिहा

कासारवडवली (धागा सुरू करणारी)

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कालनिर्णय आहे. नोव्हेंबरमधल्या एका रविवारच्या चौकोनात लिहिलंय: दूध २ लि. जास्त. गॅस. २८ किमी. युनिट ३. आणि अगदी खाली पेन्सिलीने, ‘बर्थडे’. दूध सासूबाईंच्या अक्षरात, गॅस नवऱ्याच्या, मधली दोन माझी, बर्थडे मुलाचा (म्हणजे त्याच्या मित्राचा, पण आणायचं गिफ्ट माझं).

मी ३९ वर्षांची. ऐरोलीला एका कंपनीत हिशेब बघते, मुंबई विद्यापीठातून दूरस्थ पद्धतीने एम.ए. अर्थशास्त्राचं दुसरं वर्ष चालू आहे, आणि जानेवारीत आयुष्यातली पहिली पूर्ण मॅरेथॉन आहे. ४२.१९५ किमी. ते शेवटचे १९५ मीटर लोक हसण्यावारी नेतात, मला त्यांचीच जास्त भीती वाटते.

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून अठरा आठवडे मागे मोजलं की आपण सप्टेंबरच्या मध्यावर येतो. गणपती उरकतात न उरकतात तोच सराव सुरू. मग नवरात्राचे उपास, दिवाळीचा फराळ, पाहुणे, आणि त्यातून डोकं वर काढावं तर परीक्षेचं वेळापत्रक. सबंध कार्यक्रमात धावणाऱ्याच्या सोयीची एकच गोष्ट आहे, ती म्हणजे शर्यतीच्या आठवड्यात संक्रांत येते. कर्बोदकं साठवायची म्हणून पाचवी गूळपोळी खाल्ली तरी कोणी नावं ठेवत नाही.

वेळेचं नियोजन कसं करता, हे मला विचारायचं नाही. त्याचे तक्ते ढिगाने मिळतात. अर्थशास्त्रात संधी खर्च शिकवतात ना (एक गोष्ट निवडली की जी दुसरी सोडावी लागते तिची किंमत), तसं विचारायचंय: तुमचे हे तास कुठून येतात? कोणाच्या खात्यातून?

माझं आधी सांगते. मंगळवार-गुरुवारी साडेचारला उठून कॉम्प्लेक्सच्या आतल्या रस्त्यांवर ८ किमी. घोडबंदर रोडवर जात नाही, मेट्रोचं काम आणि कंटेनर यांच्या मधून पळायची माझी छाती नाही. रविवारी कोलशेतच्या बाजूला मोठी धाव. पहिला महिनाभर मी सगळ्यांना सांगत होते की मी वेळ ‘काढते’. मग एकदा लक्षात आलं की मंगळवार-गुरुवारी मुलाचा डबा मी भरतच नाही.

लिहा. खरं लिहा, पदकाचे फोटो नंतर बघू.

कळवा, रात्रपाळी

माझे तास झोपेच्या खात्यातून आले. दुसरं खातंच नव्हतं.

शिफ्ट रात्री ९ ते सकाळी ६. शनिवार-रविवार पार्ट टाइम एमबीएचे वर्ग नेरुळला. शिफ्ट सुटली की ऑफिसच्या बाथरूममध्ये कपडे बदलून तिथूनच पळायला सुरुवात करायचो. लोक कामावर येतायत आणि मी चड्डीवर बाहेर पडतोय. सिक्युरिटीवाले काका रोज विचारायचे, “साहेब, आज किती?”

दोन महिने जमलं. मग झोपून उठल्यावर नाडीचे ठोके ५४ असायचे ते ६३ वर गेले आणि तिथेच बसले. मला वाटलं घड्याळ बिघडलं, पण ती थकव्याची खूण होती. एका शनिवारी ठाण्याहून ट्रान्स हार्बर पकडली, मार्केटिंगच्या नोट्स उघडल्या, आणि डोळे उघडले तेव्हा पनवेल. नेरुळ कधी गेलं पत्ता नाही. लेक्चर बुडालं ते बुडालं, परतीच्या गाडीतही झोपलो.

त्यानंतर आठवड्यातले पाच दिवस पळणं होतं त्याचे चार केले आणि त्यातले तीन इतके सावकाश की पळताना बायकोशी फोनवर बोलता यावं. ती म्हणते, हा तुमचा खरा फायदा.

नेरुळ, पीएचडीचं चौथं वर्ष

मी रसायनशास्त्रात पीएचडी करते, लॅब माटुंग्याला. आमच्याकडे दिवस घड्याळावर चालत नाही, फ्लास्कवर चालतो. रिॲक्शन रात्रभर ढवळत ठेवता येते, कॉलम (मिश्रणातले घटक वेगळे करायची नळी) मात्र अर्ध्यावर सोडून येता येत नाही. संध्याकाळी साडेसहाला मैत्रिणीबरोबर पळायचं ठरवलंय आणि पाच वाजता टीएलसीवर (घटक वेगळे झाले का ते बघायच्या पट्टीवर) दोन ठिपके चिकटून बसलेत, हे माझ्या आयुष्याचं चित्र आहे. म्हणून मी संध्याकाळ सोडून दिली. पहाटे फ्लास्क काही मागत नाही.

माझी मोठी धाव पामबीच रोडवर. नेरुळहून वाशीच्या दिशेने जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. सरळसोट, सपाट, कंटाळवाणा रस्ता, आणि मला तो कंटाळाच हवा असतो. सहा दिवस डोक्यात स्पेक्ट्रा (रसायनांच्या तपासणीचे आलेख) असतात. फ्लेमिंगो आले असतील तर खाडीकडे पाण्यावर गुलाबी रेघ दिसते. मात्र पहाटे या रस्त्यावर गाड्या बेफाम येतात. समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूने, चमकणारं जॅकेट घालून आणि कानात काही न खुपसता पळा.

पैशाचं कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. पीएचडीच्या पहिल्या टप्प्यातली जेआरएफ फेलोशिप २०२३ पासून महिना ३७,००० झाली, पुढच्या टप्प्यातली एसआरएफ ४२,०००. ऐकायला बरी वाटते. पण माझी एकदा चार महिने अडकली होती, आणि नेमके त्याच वेळी बूट झिजले. बूट साधारण ५०० ते ८०० किमी टिकतात म्हणतात, मी ते हजारापर्यंत ओढले. पोटरीने वसूल केलं.

त्याहून मोठी चूक वेगळीच झाली. ऑक्टोबरात पाय शिशाचे झाले. जो वेग मे महिन्याच्या उकाड्यात सहज जमायचा तो जमेना. आईचं म्हणणं, “पीएचडी संपेना, त्यात हे.” मला वाटलं ताण असेल, गाइडला वाटलं मी पळते म्हणून दमते. (त्यांनी स्ट्रावा या पळण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपवर माझे रविवारचे ३० किमी बघून फक्त एवढाच मेसेज केला: “प्रकरण दोन?”) शेवटी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ११.८, म्हणजे फार काही घाबरण्यासारखं नाही. पण डॉक्टरांनी फेरिटिनही बघायला सांगितलं होतं, ते निघालं ९. साठ्यातलं लोह संपत आलेलं. पाळीतून जातं, घामातून थोडं जातं, पळताना तळपायाच्या आपटण्याने काही तांबड्या पेशी फुटतात त्यातूनही जातं. आणि वरून माझा चहा, दिवसाला पाच कप, त्यातले दोन जेवणाला लागून. चहातली टॅनिन्स अन्नातलं लोह शोषू देत नाहीत.

गोळ्या तीन महिने घेतल्या, डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच. चहा जेवणापासून तासभर लांब नेला, पालेभाजीवर लिंबू. आईने अळिवाचे लाडू केले आणि ‘मी आधीच म्हणत होते’ या चेहऱ्याने डबा पुढ्यात ठेवला. पळणाऱ्या बायकांनो, हिमोग्लोबिनवर थांबू नका, फेरिटिन विचारा.

तुम्ही विचारलंत तास कुठून आले. प्रबंधातून आले. उगाच सजवून सांगत नाही. प्रकरण दोन सहा आठवडे उशिरा गेलं.

चरई, ठाणे

नमस्कार. माझं वय ६४. निवृत्तीनंतर एलएल.बी.ला प्रवेश घेतला आणि डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं ते हळूहळू पळण्यात गेलं. कचराळी तलावाभोवती फेऱ्या मारून २१ किमीपर्यंत आलो आहे, पुढे जायचा विचार नाही.

अभ्यास पळता पळता करतो. कलमं स्वतःच्या आवाजात मोबाईलमध्ये भरून ठेवली आहेत. पण पहिल्या वर्षी भारतीय दंड संहिता पाठ केली आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाचं ३०२ गेलं, १०३ आलं. ४२० हा शब्द तर भाषेत मुरलेला, तो ३१८ झाला. रोज तलावाच्या एका ठराविक कोपऱ्यावर ४२० म्हणायची पायांना सवय लागली होती, ती सोडवायला दोन महिने गेले.

पूर्ण मॅरेथॉन करणाऱ्या मंडळींना एक ठाणेकर म्हणून सांगतो. १६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी बोरीबंदरहून आपल्या ठाण्याला आली ते अंतर ३४ किमी. तुम्ही त्यापुढे आणखी ८ किमी जाता, तेही इंजिनाशिवाय. बत्तिसाव्या-चौतिसाव्या किमीला दम निघतो असं तुम्ही म्हणता, तर त्यात लाज कसली? गाडीसुद्धा तिथेच थांबली होती.

तासांचा प्रश्न मला नाही. निवृत्त माणसाकडे तास असतात, गुडघे नसतात.

खारघर

मी हा नाद सोडला, तेही लिहितो.

एम.टेक.चं शेवटचं सत्र, नोकरी, आणि घरी दहा महिन्यांची मुलगी. ऑगस्टमध्ये आठवड्याला २५ किमी पळत होतो. सबमिशनमुळे तीन आठवडे बुडाले, आणि ते भरून काढायला एकदम ४५ वर गेलो. सेंट्रल पार्कपासून पांडवकड्याच्या बाजूचा चढ, वर तसेच दोन तास. नडगीवर एकाच जागी दुखायला लागलं. बोट ठेवून दाखवता येईल असं. सगळ्या नडगीभर पसरलेलं दुखणं आणि एका बिंदूवरचं दुखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्या पायावर उडी मारली की कळ यायची. एक्स-रे स्वच्छ आला, मी खूश होऊन पुन्हा पळालो. एमआरआयमध्ये हाडाला ताणाची चीर दिसली. सुरुवातीला ती एक्स-रेत बहुतेक वेळा दिसतच नाही म्हणे.

दोन महिने पळणं बंद. बुडालेले किलोमीटर भरून काढायचे नसतात, ते बुडालेले असतात. उधारीचं खातं नाही ते.

त्या दोन महिन्यांत प्रबंध पूर्ण झाला आणि मुलगी माझ्याकडे झोपायला लागली. आता ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनला पावसात छोटं अंतर पळेन, पायाने परवानगी दिली तर.

वाशी

मी पळत नाही. मी पळणाऱ्याच्या घरात राहते.

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि म्हटलं, आपलं खातं उघडून दाखवावं. यजमान रविवारी पहाटे चारला निघतात, सागर विहारच्या बाजूने कुठेकुठे जाऊन नऊला येतात. आल्यावर पाय बर्फाच्या बादलीत. मग पोहे, मग दही, मग केळं, मग बारापर्यंत झोप. जिना उतरताना उलटे उतरतात. मोठी धाव करून आलेला माणूस म्हणजे घरातली बाळंतीणच, फक्त बाळ नसतं.

मी बी.एड. करतेय. रविवारी मला पुढच्या आठवड्याची पाठ टाचणं काढायची असतात. दोन मुलं, भाजी, आणि “हळू बोला, बाबा झोपलेत.” गेल्या वर्षी माझी टाचणं रात्री अकराला सुरू व्हायची.

भांडण झालं. छोटं नाही, मोठं. त्यातून एक गोष्ट ठरली: शनिवारी दुपारी चार ते आठ घर त्यांचं. ‘मदत’ नाही, घर त्यांचं. मुलांनी मला हाक मारायची नाही. पहिल्या शनिवारी मी खोलीचं दार लावून बसले आणि चक्क झोपले. दुसऱ्या शनिवारपासून टाचणं.

आणि रविवारची बादली ते स्वतः उचलतात.

वर्तकनगर

अनुभव छोटा आहे. घरात सगळे झोपलेले असताना चढाचा सराव करायला येऊरसारखी जागा नाही, उपवनपासून सुरू करायचं. पण तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्या असतो. उजाडल्याशिवाय आत जाऊ नका आणि एकटे जाऊ नका. पेडर रोडचा चढ मुंबई मॅरेथॉनमध्ये शेवटच्या टप्प्यात येतो, आणि पाय संपल्यावर येतो. येऊर केलेलं असलं की तिथे निदान ओळखीचं दुखतं.

कासारवडवली (पुन्हा मी)

परीक्षा संपली. युनिट ३ वर प्रश्न आलाच नाही. ३२ किमीही झाले, शेवटचे चार चालत. आता तीन आठवडे अंतर उतरवत न्यायचं.

नेरुळच्या मुली, मी फेरिटिन करून घेतलं. २१. चहा मीही लांब नेला.

वाशीच्या ताईंचं लिहिणं मी रात्री जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं. नवरा हसला, बर्फाच्या बादलीवर जरा जास्तच. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भाजी निवडताना सहज म्हणाल्या, “माझा योगवर्ग असतो मंगळवार-गुरुवारी सकाळी सहाला.” असतो, म्हणाल्या. सप्टेंबरपासून त्या एकदाही गेलेल्या नाहीत. मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. डबा भरला जातोय एवढंच मला दिसत होतं.

आता माझं पळणं बुधवार-शुक्रवारी. मंगळवार-गुरुवारच्या चौकोनात त्यांच्या अक्षरात ‘योग’ लिहिलंय, लाल पेनाने. बुधवार-शुक्रवारचा डबा नवरा करतो. भाजी एकच येते, बटाट्याची. मुलगा खूश आहे.