मदत हवी आहे: सीडी४ चांगला, व्हायरल लोड सापडत नाही, तरी छाती सारखी का भरते? (तासगाव)

पाठपुरावा_तासगाव
नमस्कार. एचआयव्ही असलेल्यांच्या पाठपुराव्याच्या कामातला प्रश्न आहे. चाळिशीची बाई, बरीच वर्षं एआरटीवर (एचआयव्हीची औषधं), सध्या टीएलडी, म्हणजे तीन औषधांची एक गोळी. सीडी४ (रक्तातल्या प्रतिकारपेशी) ५२०, व्हायरल लोड (रक्तातला विषाणू) सापडत नाही. बेदाणा शेडवर मजुरी, घरी चूल, तंबाखू-विडी नाही. वर्षभरात तीनदा ताप, पिवळा बेडका, बरगडीत कळ. तिन्ही वेळा अँटिबायोटिक, चार दिवसांत उतार. बेडका एकदाही तपासलेला नाही. ती विचारते, "एक गोळी चुकवली नाही, मग लागू का पडंना?" तिला काय सांगू, आणि कोणत्या तपासण्यांचा आग्रह धरू?

छातीविकार_मिरज
ताई, आधी तिला सांगा की गोळी लागू पडतेय. व्हायरल लोड सापडत नाही याचा अर्थ तोच. पण ५२० हा आकडा रक्ताचा आहे. छातीचा हिशोब वेगळा असतो, आणि तो उशिरा सावरतो.

श्वासनलिकेच्या अस्तरावर सिलिया नावाचे बारीक केस असतात आणि त्यांच्यावर पातळ श्लेष्म्याचा थर. धूळ, जंतू त्यात अडकतात आणि सिलिया तो थर घशाकडं ढकलत नेतात. एचआयव्हीचं टॅट हे प्रथिन प्रयोगशाळेत श्वासनलिकेच्या पेशींवर सोडलं, की क्षार आणि पाणी बाहेर सोडणारी सीएफटीआर नावाची वाट मंदावते. श्लेष्मा घट्ट होतो. गुऱ्हाळात पाक आटत आला की ढवळणाऱ्याचा हात जड होतो, तशी सिलियांची गत होते आणि जंतू जागेवरच वस्ती करतात. चुलीचा धूर, शेडवर बेदाण्याला देतात ती गंधकाची धुरी यांनीही सिलिया मंदावतात. म्हणजे तिच्या छातीवर दोन्हीकडून मार आहे.

खाली वायुकोशांत अल्व्हिओलर मॅक्रोफेज असतात, जंतू गिळून पचवणाऱ्या पेशी. एचआयव्ही त्यांच्यातही शिरतो. सीडी४ पेशींसारख्या त्या पटकन मरत नाहीत. विषाणू पोटात घेऊन महिनोन्महिने जगतात, पण त्यांची गिळण्याची ताकद कमी पडते. एआरटी नीट चालू असलेल्या काही जणांच्या या पेशींतही विषाणूचा अंश सापडलेला आहे. एचआयव्हीचा भाऊबंद एसआयव्ही, त्याची लागण झालेल्या ऱ्हीसस माकडांतही हेच दिसतं. शिवाय लागणीच्या सुरुवातीलाच त्या माकडांच्या फुप्फुसातल्या सीडी४ पेशी झपाट्यानं घटतात, रक्तात घट दिसण्याची वाट न बघता.

तिसरी गोष्ट बी पेशींची, म्हणजे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशींची. एचआयव्हीत एकूण आयजीजी (रक्तातली मुख्य प्रतिपिंडं) वाढलेलं दिसतं आणि रिपोर्ट बघून माणूस फसतो. न्यूमोकोकससारख्या, न्यूमोनिया करणाऱ्या कवचवाल्या जंतूला नेमकं ओळखणारी प्रतिपिंडं मात्र कमी असतात, कारण त्या स्मृतीपेशी घटतात आणि एआरटीनंतरही पुऱ्या भरून येत नाहीत. म्हणूनच सीडी४ चांगला असलेल्यांनाही न्यूमोनिया इतरांपेक्षा जास्त होतो.

आता क्षय. पीसीपी (बुरशीचा न्यूमोनिया) बहुतेक वेळा सीडी४ २०० च्या खाली गेल्यावर येतो, क्षयाला असा उंबरठा नाही. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतल्या कामगारांत एचआयव्ही झाल्याच्या पहिल्याच वर्षात क्षयाचं प्रमाण दुप्पट झालेलं आढळलं होतं. त्यामुळं ५२० बघून क्षय वगळू नका. प्रत्येक भेटीत खोकला, ताप, वजन घटणं, रात्रीचा घाम हे चारही विचारा. एकालाही "हो" आलं की तपास.

तिन्ही वेळचे एक्स-रे असतील तर शेजारी ठेवून बघायला सांगा. डाग दरवेळी त्याच जागी असेल तर तिथं जुन्या क्षयानं रुंदावलेली श्वासनलिका, अडकलेलं काही किंवा गाठ असू शकते. मग सीटी लागतो. जागा बदलत असेल तर वर लिहिलेलं कारण जास्त पटतं. बरी असताना एकदा फुंकर चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री, करून घ्या. चुलीच्या धुरानं विडी न ओढणाऱ्या बायकांनाही सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) होतो आणि तो वर्षानुवर्षं "कफाची प्रकृती" म्हणून खपून जातो.

सूक्ष्मजीव_लॅब
बेडक्याबद्दल लिहिते, कारण निम्मे नमुने थुंकीचेच येतात. सकाळी उठल्यावर, काही खाण्याआधी, साध्या पाण्यानं चूळ भरायची. उघड्या हवेत उभं राहून दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, क्षणभर रोखायचा आणि छातीतून जोरात खोकायचं. २ ते ५ मिली हवा, घट्ट, पिवळट. डबी हलवली आणि पाण्यासारखं हललं, तर तो बेडका नाही, लाळ आहे. परत द्यायला सांगा. क्षयासाठी सीबीनॅट (जंतूची जनुकं शोधणारी तपासणी) मागा. नुसत्या सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइडवर थांबू नका, एचआयव्हीत बेडक्यात जंतू कमी असू शकतात आणि स्लाइड निगेटिव्ह येते.

कल्चरचा (जंतू वाढवून बघण्याचा) नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या गोळीआधी द्यायचा. आणि मागच्या तिन्ही चिठ्ठ्या शोधा. त्यात लिव्होफ्लॉक्सॅसिन असेल तर काळजीची गोष्ट आहे. ते क्षयाच्या जंतूलाही थोडं मारतं, चार-आठ दिवस बरं वाटतं आणि निदान मागं पडतं. "चार दिवसांत उतार" म्हणजे क्षय नाही, असं त्यामुळं म्हणता येत नाही.

पाठपुरावा_तासगाव
दोन चिठ्ठ्या मिळाल्या, एकीवर लिव्होफ्लॉक्सॅसिन आहे. उद्याच डबी देते. शेडवर धुरी असते तेव्हा एन९५ मास्क पुरेल का? आणि एका डॉक्टरांनी पंप (श्वासातून ओढायचं औषध) सुचवलाय, तो चालेल?

छातीविकार_मिरज
एन९५ धूळ अडवतो, गंधकाचा वायू नाही. वायूसाठी वेगळ्या कार्ट्रिजचा मास्क लागतो आणि तो मजुराला कोणी देत नाही, हे दुखणं आहेच. त्यामुळं धुरी चालू असताना आणि शेड उघडल्यावर वास पुरता जाईपर्यंत तिनं लांब राहायचं. निवडणी, प्रतवारीचं काम मागून घ्यायचं, तिथं एन९५ उपयोगी पडतो. मालकाला एचआयव्हीबद्दल काही सांगायची गरज नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानं ते तिच्या संमतीशिवाय मालकाला सांगता येत नाही. चिठ्ठीवर "श्वासनलिकेचा त्रास, धूर वर्ज्य" एवढं पुरतं.

लसी: फ्लूची दरवर्षी. न्यूमोकोकलची आधी पीसीव्ही१३, निदान ८ आठवड्यांनी पीपीएसव्ही२३. सरकारी लसीकरणात पीसीव्ही लहान मुलांना मिळते, मोठ्यांना बहुधा विकत घ्यावी लागते. आजारात नको, बरी झाल्यावर.

औषधालय_विटा
पंपाचं उत्तर एआरटीच्या गोळीवर आहे. टीएलडीवर असेपर्यंत ब्युडेसोनाइड किंवा फ्लुटिकासोन या स्टेरॉइडच्या पंपाला अडचण नाही. पुढं कधी रिटोनाव्हिर असलेली दुसऱ्या फळीची औषधं लागली तर हेच स्टेरॉइड यकृतात मोडलं जात नाही, रक्तात साठतं. तोंड सुजतं, साखर वाढते, शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड बंद पडतं. तेव्हा बेक्लोमेथासोन बरं. पंप ओढल्यावर चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

बेडक्यात क्षय निघाला आणि रिफॅम्पिसिन हे क्षयाचं औषध चालू झालं, तर टीएलडीतलं डोल्युटेग्राव्हिर कमी पडतं. टीएलडीनंतर १२ तासांनी त्याचीच ५० मिलिग्रॅमची जादा गोळी लागते. ती एआरटी केंद्रातून लिहून घ्या, त्याशिवाय क्षयाची पहिली पुडी उघडू नका. आणखी एक: अंगदुखीसाठी कॅल्शियम किंवा पित्तासाठी अँटासिड घेते का, विचारा. टीएलडी त्याच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर.

सूक्ष्मजीव_लॅब
ताई, ही अँटिबायोटिक सध्या चालू नाही ना? असेल तर डबीच्या फॉर्मवर नाव आणि शेवटची गोळी कधी घेतली ते लिहा. चुकवू नका.

पाठपुरावा_तासगाव
नाही, शेवटची गोळी २३ दिवसांपूर्वी. फॉर्मवर लिहिते.